रावबहादूर म्हणायचं नाही!

बँकेतून निवृत्त झालेली माणसं सकाळी फिरायला जातात आणि गुडघे दुखू लागले की फिरणाऱ्यांना नावं ठेवतात. आमच्या सोसायटीतले काका मात्र निवृत्त होताच ब्रिटिश साम्राज्याच्या सेवेत रुजू झाले. साम्राज्य कधीच बंद पडलं होतं, पण ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब.

काका जुन्या राजेशाही ऑर्डरींचे बिल्ले, तारे, फिती जमवतात. चुकून ‘मेडल’ म्हणालात तर संपलं! “अहो, मेडल शिपायाला. ही ऑर्डर आहे!” मग चहा निवतो, पण १८६१ साल संपत नाही. त्या साली व्हिक्टोरिया राणीनं ‘स्टार ऑफ इंडिया’ काढली. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, बडोद्याचे खंडेराव गायकवाड हे पहिल्या मानकऱ्यांतले. सत्तावन्नात इमान राखल्याची चकचकीत पोचपावतीच ती. १८६६ मध्ये दर्जे पाडले, तेव्हा सर्वांत वरच्याला ‘ग्रँड क्रॉस’ऐवजी ‘ग्रँड कमांडर’ म्हटलं. हिंदू-मुसलमान राजांच्या गळ्यात क्रूस कसा घालायचा? हे काका अशा थाटात सांगतात, की राणीनं आधी यांना विचारलं असावं.

शुक्रवारी काका चोर बाजारात. १८७८ च्या ‘इंडियन एम्पायर’ ऑर्डरचा बिल्ला म्हणजे लाल गुलाब. सुरुवातीच्या घाटात त्याच्या पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ची पाच इंग्रजी अक्षरं असत, नंतर ती गेली. असा अक्षरवाला गुलाब दिसला की काकांच्या छातीत धडधडतं. पण दुकानदाराला सुगावा लागू नये म्हणून ते आधी शेजारच्या इस्त्रीचा भाव विचारतात. इस्त्री गळ्यात पडते, गुलाब परवडत नाही. घरात आता कोळशाच्या सात इस्त्र्या आहेत.

मानकरी वारला की ‘स्टार ऑफ इंडिया’ची गळ्यातली साखळी सरकारला परत करायची, असा नियम होता. एखादी लिलावात निघाली की काका संतापतात, “काय ही बेइमानी!” आणि त्याच श्वासात विचारतात, “बोली कितीपासून?”

काकूंचं मत दोन वाक्यांचं आहे. “राजांना निदान हे फुकट मिळायचं. आमचे हे पैसे मोजून मुजरा करतात.”

सोसायटीतली पोरं त्यांना ‘रावबहादूर’ म्हणू लागली, तेव्हा काका भडकले. चेष्टेचा राग नव्हता, दर्जाचा होता. “रावबहादूर म्हणजे नुसता किताब! ऑर्डर नव्हे! आणि तोसुद्धा रावसाहेबाच्या वर, दिवाणबहादुराच्या खाली!” त्या दिवशी गॅलरीत आलेला चेंडू त्यांनी जप्त केला.

पोरांनी जिन्यात बैठक घेतली आणि काकांना एकमतानं दिवाणबहादूर केलं. तेव्हापासून चेंडू तर परत मिळतोच, वर पंच म्हणून काका पोरांच्याच बाजूनं निकाल देतात. मूठभर गोऱ्यांनी एवढा देश कसा सांभाळला, हे त्या पोरांना इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागणार नाही.