शक्तिमान आणि खड्डे

लष्कराचा ‘शक्तिमान’ ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपुरात बनू लागला आणि नव्वदच्या दशकात बंद पडला. असा एखादा म्हातारा लिलावातून बोईसरच्या कुंभवली नाक्यावर आलाच, तर मिस्त्री डगमगणार नाही. डिझेलच्या लाइनीत हवा धरली? फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की आवळायचा. ना स्कॅनर, ना सेन्सर. शेजारच्या एमआयडीसीतला नवाकोरा टँकर मात्र डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की लॅपटॉपवाल्याची वाट बघत रस्ता अडवून बसतो.

म्हाताऱ्या गाड्यांचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं मोडीत काढायचा नियम आला. देशाच्या संरक्षणासाठी, कायदा-सुव्यवस्थेसाठी आणि अंतर्गत सुरक्षेसाठी मोहिमेवर असणारी खास वाहनं तेवढी वगळली. ही सवलत पावसाळ्यात बोईसरच्या रिक्षांनाही द्यायला हरकत नाही. इथे खड्ड्यांतून कारखान्याची पहिली पाळी गाठणं ही मोहीमच असते. शक्तिमानची एकदा नीट केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते. रस्त्याच्या दुरुस्तीची वॉरंटी मात्र पहिल्या सरीपर्यंतच, आणि तीही ठेकेदाराचं बिल निघेपर्यंत पाऊस थांबला तर!