एजंटासाठी पुस्तिका, शेतकऱ्यासाठी निंबाचं झाड

हल्ली एक आज्ञा टंकली की डॅशबोर्डचा अख्खा प्रकल्प उभा राहतो. फोल्डर, नमुन्याचे आकडे, रंगीत आलेख, सगळं तयार. सोबत 'एजंट्स डॉट एमडी' ही 2025 पासून रुळलेली फाइल. एआय एजंटानं चाचणी कशी घ्यायची, कशाला हात लावायचा नाही, हे तीत मायेनं समजावलेलं असतं. माणसासाठीच्या 'रीडमी'त मात्र बरेचदा जेमतेम दोन ओळी!

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे एवढे लाड कोण करणार? 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं काम त्याच्याच मोबाइलवर आलं. गट क्रमांक निवडा, क्षेत्र भरा, शेतात उभं राहून फोटो काढा. कपाशीत तूर असली तर मिश्र पीक. दर्यापूरकडे रेंज गेली तर काय करता बाप्पा, चढा निंबावर.

इकडे आयत्या डॅशबोर्डात रकाने तेच: महिना, विभाग, विक्री. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारं, त्यामुळे विहीर असूनही ओलीत नाही. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

एजंटाला विचारलं, तर तो तत्परतेनं आणखी एक आलेख काढून देतो.