रायरांची वही

कुंभकोणात ज्याला नवी गाडी घ्यायची असते तो शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी रायरांच्या ओट्यावर येऊन बसतो. रायर माझे लांबचे काका, तंजावरी मराठी. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर कधीतरी पूर्वज इकडे आले आणि हिशेब लिहीत इथलेच झाले. शेवटचा राजा १८५५ मध्ये गेला. हिशेब चालूच आहे.

रायरांच्या वहीत तीन रकाने आहेत : हायब्रीड, प्लग-इन, इलेक्ट्रिक. स्वतः त्यांनी अजून काही घेतलेलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, ‘‘सर टी. माधवराव आमच्याच गावचे. त्रावणकोर, इंदूर, बडोदा, तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. पण एकावेळी एक! मला तिन्ही एकदम समोर आहेत.’’

हायब्रीडबद्दल त्यांना आदर आहे, कारण ती कोणाकडे काही मागत नाही. इंजिन आणि ब्रेक मिळून तिची बॅटरी भरतात, भिंतीला वायर लावायला नको. पण कराचं नाव निघालं की आदर ओसरतो. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. हायब्रीड छोटी असेल तर १८, मोठी असेल तर ४०. ‘‘पेट्रोल वाचवल्याचा दंड!’’ हे ते फिल्टर कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणतात.

प्लग-इनचं पान सर्वांत सुबक. सॉकेट हवं, पेट्रोलही हवं, रोजची ये-जा विजेवर, लांबचा प्रवास इंजिनावर. आपल्याकडे ही गाडी आलिशान गाड्यांच्या मोजक्याच कंपन्या विकतात, त्यामुळे ओट्यावर येणाऱ्यांपैकी कोणी ती घेण्याचा धोका नाही. रायर ती सगळ्यांना सुचवतात.

इलेक्ट्रिकवर मात्र त्यांचा जीव अडकलाय. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांमागे १०० युनिट फुकट. एका युनिटला सहा किलोमीटर धरले, तर सहाशे किलोमीटर सरकारच्या खर्चाने! हे गणित त्यांनी काकूंना मांडून दाखवलं. काकूंनी फक्त फ्रिजकडे बोट दाखवलं. मग त्या रकान्यात बारीक अक्षरात ‘फ्रिज’ आलं, पुढे ‘मिक्सर’, ‘मोटार’, ‘एसी (जावई आल्यास)’.

त्यांची खरी कसोटी नवग्रहांची. आमच्या भागातली नऊही ग्रहमंदिरं एका दिवसात करायची म्हणजे पश्चिमेला चंद्राचं तिंगळूर, पूर्वेला समुद्राजवळ केतूचं कीळपेरुम्पळ्ळम, शनीसाठी तिरुनळ्ळार. ‘‘एका चार्जमध्ये नऊ ग्रह झाले पाहिजेत,’’ रायर सांगतात. ‘‘राहूपाशी बॅटरी संपली तर लोक काय म्हणतील?’’ कंपनीच्या जाहिरातीतला आकडा ते एसी आणि सासूबाई धरून पाव कमी करतात. हे मात्र शहाणपणाचं आहे, हसू नये.

शेवटी मी इलेक्ट्रिक घेतली. जुनं वायरिंग तपासून अंगणात वेगळं सॉकेट बसवलं, रात्रभरात भरते. पूजा कुठे करायची यावर रायरांनी क्षणभरही विचार केला नाही : ‘‘इन्नंबूर!’’ तिथला शिव एळुत्तरिनाथर, अक्षरं जाणणारा. मुलांना पहिलं अक्षर गिरवायला तिथे नेतात. कथा अशी की, देवळाचा हिशेब ठेवणाऱ्यावर राजाला संशय आला, तेव्हा देवच त्याचं रूप घेऊन हिशेब दाखवून आला. रायरांच्या दृष्टीने देवाने केलेलं सर्वांत मोठं काम ते हेच.

वही त्यांनी किल्लीबरोबर तबकात ठेवली. गुरुजींनी दोन्हींवर कुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली, मी गाडी पुढे घेतली. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे चारही लिंबं फुटल्याचं सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

रायर पुढच्या सीटवर बसले, वही उघडली आणि इलेक्ट्रिकच्या फायद्यांत तेही नोंदवून ठेवलं. मग काच खाली करून गुरुजींना विचारलं, ‘‘तुमच्या जावयाचं काय ठरलं? रविवारी येऊ का? प्लग-इन बघा म्हणावं.’’