हॉस्टेलचा किसिंजर

खरं नाव मस्टरवर आहे, पण हॉस्टेलात कुणी ते वापरत नाही. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करतो. वर्गातली बरीच मुलं यूपीएससीच्या ऑप्शनलपुरता हा विषय घेऊन जयकर ग्रंथालयात जागा धरतात. ह्याचं मात्र विषयावर मनापासून प्रेम. ते महागात पडतं, आम्हाला.

टपरीवर पैसे द्यायची वेळ आली की ह्याला सुरक्षा परिषद आठवते. पाच कायम सदस्यांपैकी एकानं जरी नकाराधिकार वापरला तरी ठराव बारगळतो, असं सांगून हा तो वापरतो. चहाचे पैसे आम्ही अस्थायी सदस्य देतो.

शेजारच्या खोलीनं दाराला नवं कुलूप लावलं. जुन्याची किल्ली हरवली होती, एवढंच. पण ह्याच्या डोळ्याला डोळा लागेना. "हाच तो सिक्युरिटी डिलेमा! त्यांनी स्वतःच्या बचावासाठी लावलं, तरी आपल्याला तो धोकाच." सकाळी आमच्या दाराला दोन कुलपं. ती बघून संध्याकाळी त्यांच्याही. आता रात्री लघवीला उठायचं तर आधी किल्ल्यांचा जुडगा शोधायचा.

मेसवरून दोन तट पडले तेव्हा हा अलिप्त राहिला, म्हणजे दोन्हीकडे जेवला. 1971 साली किसिंजरनं पाकिस्तानात पोटदुखीचं सोंग करून गुपचूप बीजिंग गाठलं होतं. ह्यानंही एका रविवारी पोट धरलं, आमच्या पिठलं-भाताला हात लावला नाही आणि पांघरूण घेऊन पडला. आम्ही सोडा आणायला खाली गेलो, तर स्वारी विरोधी तटाच्या खोलीत बिर्याणीचं नळीचं हाडूक चोखत बसलेली. बारसं तिथंच झालं.

दिवाळीत गावी गेला तर चुलत्यानं बांध कोरलेला. ओसरीवर वडील, तलाठ्याकडून आणलेले उतारे, आणि हा उभ्यानं 1914 ची सिमला परिषद सांगतोय : मॅकमोहननं नकाशावर रेघ ओढली खरी, पण ती जमिनीवर नेमकी कुठं पडते यावरूनच पुढं भांडणं झाली. वडिलांनी तंबाखू मळून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"मोजणीचे पैसे भरलेत," ते म्हणाले. "तुझा तो मॅकमोहन येतोय का टेप धरायला?"

वडील वास्तववादी संप्रदायातले आहेत, असं त्यानं परत आल्यावर आम्हाला समजावून सांगितलं.