दानशूर खान्देश

खान्देशाइतका दानशूर मुलूख शोधून सापडायचा नाही. पाण्याच्या एका आवर्तनावरून इतर जिल्हे हमरीतुमरीवर येतात. खान्देशाने दोन अख्ख्या नद्या शेजारी पाठवल्या आणि ब्रसुद्धा काढला नाही.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की जळगावच्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो झळकतो. फोटोतले पाणी पुढे गुजरातेत उकाईला जाते आणि तिथली ३०० मेगावॅटची जनित्रे फिरवते. १९७२ मध्ये ते धरण झाले. त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यात शिरला तेव्हा नवापूर धुळे जिल्ह्यातच होते. नदी तर दिलीच, वर तिला पसरायला जमीनही दिली.

नर्मदेच्या बाबतीत दान आणखी सढळ. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये विजेची वाटणी केली: मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. एकूण क्षमता १४५० मेगावॅट, त्यामुळे २७ टक्के म्हणजे थट्टा नव्हे. फक्त ती वीज राज्याची. बुडित तेवढे गावाचे.

आधी पुनर्वसन, मग पाणी, असेही लवादाने बजावले होते. १९९३ च्या पावसाळ्यात त्या ३३ पैकी मणिबेली गावात पाणी शिरले. पुनर्वसनाच्या फायली टेबलांवर रेंगाळत होत्या. पाण्याला सही-शिक्क्याची सवय नव्हती, ते वेळेवर आले. मग जमीन कोणाची याची चौकशी सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनेक भिल्ल-पावरा कुटुंबांकडे सातबारा नव्हता. वनखात्याच्या कागदावर ते अतिक्रमणदार. त्यांच्या आज्या-पणज्यांना शेत नांगरायचे सुचले, तलाठी गाठायचे सुचले नाही. शासनाने तरी काय करावे?

धुळे जिल्ह्यापुरता हा प्रश्न मात्र कायमचा सुटला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ३३ गावे, त्यांच्या अर्जांसकट, एका रात्रीत धुळ्यातून बाहेर पडली. ना ट्रक लागला, ना पत्र्याची शेड. एवढे झटपट स्थलांतर धरणाच्या इतिहासात दुसरे झाले नसेल.

काही गावांनी दानाची ही शिस्त मोडली. अक्राणी तालुक्यातल्या बिलगावने २००३ मध्ये केरळच्या तंत्रज्ञांना हाताशी धरले, श्रमदान केले आणि उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभारला. कोणाचे घर बुडाले नाही, कोणाला लवाद नेमावा लागला नाही, आणि पाड्यांवर दिवे लागले. असा आगाऊपणा किती दिवस चालणार? २००६ मध्ये सरदार सरोवराची भिंत ११०.६४ वरून १२१.९२ मीटरवर न्यायला मंजुरी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला. मोठ्या जलविद्युत प्रकल्पाने छोटा जलविद्युत प्रकल्प गिळला. विजेसाठी वीज बुडवायची, ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या उकाईतून पाणी सोडावे लागले आणि सुरत बुडाली. पोट भरायला सुरतेत गेलेल्या हजारो खान्देशी कुटुंबांना गावाकडची तापी घरपोच मिळाली.

१७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीचे सरदार सरोवर धरण राष्ट्राला अर्पण झाले. इकडे खान्देशात रावेरचा शेतकरी रात्रपाळीची थ्री-फेज धरून, बॅटरी घेऊन केळीच्या बागेकडे निघतो. २७ टक्क्यांपैकी किती उजेड त्याच्या बांधावर पडला, हे विचारायची त्याला फुरसत नसते. दिवसा वीज मिळाली असती तर कदाचित विचारले असते.

मणिबेलीची उपेक्षा झाली असे मात्र कोणी म्हणू नये. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. निवडणूक आली की कर्मचारी जलाशयातून बोटीने तिथे पोचतात. मतदान यंत्र बॅटरीवर चालते. त्यामुळे गावात वीज आहे की नाही, हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी कोणाला पडत नाही.