गुलाबी फाईल, निळी फाईल

शिकागोच्या लोयोला विद्यापीठात एक शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थी कॅथलिक असावा आणि त्याचं आडनाव झोल्प असावं, एवढंच तिचं म्हणणं. आम्ही दोन्हीकडून बाद. पण कुणीतरी आपल्या आडनावाच्या पोरांची अशी सोय करून ठेवली, हे आमच्या आईला फार पटलं. आपल्या आडनावाचा असा कुणी निघतो का, म्हणून तिनं तीन पिढ्या डोळ्यांखालून घातल्या. निघाले ते सगळे आमच्याकडूनच उसने घेऊन गेलेले.

पेनसिल्व्हेनियातल्या जुनियाटा कॉलेजात डावखुऱ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, हे वाचून दाखवलं तेव्हा मात्र आई उठून आत गेली. भाची जन्मतः डावखुरी. चमचा, पेन्सिल, हळदीकुंकवाचं बोट अशा प्रत्येक गोष्टीवर पाळत ठेवून तिला उजवी केली ती आईनंच. अमेरिकेत उंच माणसांची मंडळं आहेत, तीही शिष्यवृत्ती देतात. बाईला पाच फूट दहा इंच लागतात. भाची टाचा उंचावून पाच फूट दोन. तो विषय आम्ही काढलाच नाही.

हे सगळं माझ्याकडे आलं, कारण मी बँकेच्या कर्जविभागातून नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणूस रिकामा असतो आणि बँकेतल्या माणसाला पैसे कुठे असतात ते ठाऊक असतं, असे दोन समज आमच्या घरात आहेत. भाचीला भूजलशास्त्रात एमएस करायचं होतं. कारणही बरं होतं. आमच्या सांगली जिल्ह्यात २०१९ साली कृष्णेचं पाणी लोकांच्या माळ्यापर्यंत चढलं, आणि त्याच जिल्ह्यात जत तालुका टँकरची वाट बघत बसतो. हे कोडं तिला सोडवायचं होतं. पैशाचं कोडं मामानं सोडवायचं.

मोठ्या नावांपासून सुरुवात केली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या भारतासाठी वर्षाला पाच जागा. सेसिल ऱ्होड्सनं आपल्या मृत्युपत्रात बुद्धीबरोबर मैदानी खेळांची आवडही मागितली होती. भाचीचा मैदानी खेळ म्हणजे चौथीतली लंगडी. अट आता तेवढी कडक नाही म्हणतात, पण दाजींनी लंगडीचं प्रमाणपत्र शोधून ठेवलंच. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. शिवाय नेतृत्व आणि लोकसंपर्क यांवर निबंध. लोकसंपर्काचा अर्ज खरं तर आईनं भरायला हवा. भाजीच्या गाडीपाशी उभी राहून ती समोरच्या बाईचं माहेर, जावेचं ऑपरेशन आणि धाकट्याचं अडलेलं लग्न एवढं गोळा करून येते, आणि कोथिंबीर फुकट. फुलब्राइटची कथा तिला आवडली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या सैन्याचं सामान देशोदेशी पडून होतं. ते विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी, अशी तोड फुलब्राइट नावाच्या सिनेटरनं १९४६ साली काढली. "म्हणजे भंगाराचेच की," आई म्हणाली, आणि माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाकडे तिनं नव्या आदरानं पाहिलं. पण एमएससाठी तिथंही तीन वर्षांचा अनुभव हवा.

मग सरकारी योजना. त्या प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळ्या, पण कुटुंबाच्या उत्पन्नाला मर्यादा बहुतेकांना असते आणि बऱ्याच ठिकाणी ती ८ लाखांची आहे. दाजी माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. फॉर्म १६ वरचा आकडा त्यांनी तीनदा मांडला, तिन्ही वेळा थोडक्यानं पुढे गेला. बघता बघता महागाई भत्ता वाढला, मागचा फरकही जमा झाला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले जात होते आणि आमचे दाजी कपाळाला हात लावून बसले होते. मुख्याध्यापकांना वाटलं घरी काहीतरी बरंवाईट झालं.

राहिले मुंबईचे जुने ट्रस्ट. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला निधी आजही चालू आहे. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते त्याच्याच आधारानं. ही शिष्यवृत्ती परत फेडायची असते. हे ऐकून दाजी हिरमुसले, मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या ओळखीचं काहीतरी समोर आलं होतं.

इथून दोन फायली सुरू झाल्या. ट्रस्टांना पटवायचं होतं की आमच्याकडे पैसे नाहीत; ती गुलाबी फाईल. व्हिसावाल्यांना आणि बँकेला पटवायचं होतं की आमच्याकडे पैसे आहेत; ती निळी. जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी, मधे लोणच्याची बरणी. खोटं एकाही फाईलीत नव्हतं, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीची शपथ घेऊन सांगतो. गावचं शेत गुलाबीत 'कोरडवाहू, सामाईक' होतं, निळीत 'वडिलोपार्जित शेतजमीन, स्वच्छ सातबारा'. त्या सातबाऱ्यावर दाजींच्या चुलत्यांसकट अकरा नावं आहेत, पण नावं स्वच्छ अक्षरात आहेत. विश्रामबागचा फ्लॅट गुलाबीत 'जुन्या इमारतीतील राहते घर'. निळीत व्हॅल्युअरनं त्याला असा काही भाव लावला की ताई चहाचा कप हातात घेऊन सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून आली. दोन्ही फायलींवर सही एकाच सीएसाहेबांची. सकाळी ते गुलाबी करत, दुपारी निळी. मधे जेवायला घरी जात, म्हणून जमलं असावं.

एकदा भाचीच्या हातून गुलाबीतलं पत्र निळीत गेलं. बँकेचा तरुण अधिकारी वाचून म्हणाला, "सर, एवढी हलाखी असेल तर कर्ज कसं देणार?" माझ्याच खुर्चीवर बसलेला पोरगा, माझंच वाक्य मला ऐकवत होता.

शिफारसपत्रांची तऱ्हा निराळी. कॉलेजातले सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." भाचीनं लाजतबुजत लिहून नेलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "एवढं कौतुक मी आजवर कुणाचं केलेलं नाही. तिकडं संशय येईल." आणि त्यांनी विशेषणं काढून टाकली. उरलं ते हजेरीपत्रक. मग मी मसुदा केला. त्यात 'अर्जदार सचोटीची असून तिच्याविरुद्ध कोणतीही थकबाकी नाही' असं आल्यामुळे तोही बाद झाला. १९०६ साली सावरकर बॅरिस्टरीला लंडनला गेले ते टिळकांच्या शिफारशीवर. पत्र श्यामजी कृष्ण वर्मांना गेलं, पैसे पॅरिसच्या सरदारसिंह राणांचे, शिष्यवृत्तीचं नाव 'शिवाजी'. 'तूच लिहून आण' असं टिळक म्हणाले असतील असं वाटत नाही. १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मी हे रंगवून सांगत होतो. आई म्हणाली, "मग बडोद्यालाच टाक की अर्ज. तिकडं कुणी ओळखीचं आहे का बघ."

उद्देशपत्र, म्हणजे ज्याला सगळी मुलं एसओपी म्हणतात ते, दाजींनी तपासायला घेतलं. प्रत्येक 'मी'खाली लाल रेघ. "गणितात 'मी' येत नाही," ते म्हणाले, "सिद्धता येते." भाचीनं जतमधल्या विहिरींची पाणीपातळी वर्षभर मोजली होती, ती वही त्यांनी काढायला लावली आणि निबंधाचा अर्धा भाग आकड्यांनी भरला. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. पण नंतर मुलाखतीत सगळे प्रश्न त्या वहीवरच आले.

अर्जाच्या मुदती युरोपच्या मध्यरात्री संपतात. हिवाळ्यात तिकडं बारा वाजले की आपल्याकडं पहाटेचे साडेचार. काकड आरतीला जमावं तसं घर जमलं. फोटो पन्नास केबीच्या वर जात होता, ओटीपी दाजींच्या मोबाईलवर येत होता, आणि मोबाईल देवघरात चार्जिंगला होता.

एवढं झाल्यावर कळलं की जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडूनही शिकवणीची फी घेतच नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य सत्राला १५०० युरो घेतं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही अलीकडे सुरू केलंय; बाकी बऱ्याच ठिकाणी नाममात्र वर्गणी. ना निबंध, ना लंगडी. फक्त वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात भरायचे, आणि तिथं गेल्यावर त्यातले ९९२ दर महिन्याला मुलीला मिळतात. आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्यानं द्यायचे! अशी योजना मला नोकरीत कधी सुचली नाही, याची हळहळ अजून जात नाही. गुलाबी फाईलीवर एका ट्रस्टनं विमानाचं तिकीट निघेल एवढे दिले. निळीवर बँकेनं बाकीचे दिले, आणि व्हिसाचा शिक्का जुलैत पडला.

ऑगस्टमध्ये मंडळाची पोरं वर्गणीला आली. पावती आधीच लिहून आणलेली, पाच हजार एक.

"अरे, दरवर्षी पाचशे एक देतो की मी," दाजी म्हणाले.

"काका, आता तुमच्याकडून पाचशे घेणं बरं दिसतं का?" खजिनदार फारच अदबीनं बोलला. खजिनदार म्हणजे सीएसाहेबांचा धाकटा. सुट्टीत वडिलांच्या ऑफिसात झेरॉक्स काढायला बसतो.

दाजींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, ती गुलाबी कुठं ठेवलीय?"