लायडनची ताबेपावती

परगावी मुक्काम करण्याचे मार्ग आपल्या पूर्वजांना तीनच ठाऊक होते: धर्मशाळा, नातलग आणि श्वशुरगृह. पहिल्या ठिकाणी ढेकूण चावतात, दुसऱ्या ठिकाणी माणसे बोलतात आणि तिसऱ्या ठिकाणी दोन्ही प्रकार संभवतात. म्हणूनच, सुटी मुबलक पण वेतन बेताचे या शिक्षकी पेशाच्या सनातन अवस्थेतून वाट काढताना युरोपातील काही शिक्षकांनी 1953 साली परस्परांची घरे सुटीपुरती अदलाबदल करून वापरण्याची संघटित प्रथा सुरू केली, हे वाचून त्या वर्गाच्या व्यवहारबुद्धीविषयी माझे मन आदराने भरून आले. या व्यवहारात भाडे नाही, अनामत नाही, मुद्रांकशुल्क नाही. तुम्ही आमच्या पलंगावर निजावे, आम्ही तुमच्या पलंगावर निजावे, आणि कपाटात मात्र कोणी कोणाच्या डोकावू नये, एवढाच करार.

त्यानुसार सदाशिव पेठेतील आमची सदनिका एका डच दांपत्याच्या हवाली करून, त्यांच्या लायडन येथील कालव्याकाठच्या घराचा ताबा घेण्यासाठी आम्ही उभयता जून महिन्यात हॉलंडला प्रयाण केले. डच लोकांचा आमच्या मुलखाशी संबंध तसा नवा नव्हे. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली आणि तिचे भग्नावशेष आजही तेथे उभे आहेत. मात्र त्या वेळी बदल्यात आपल्या देशातले एखादे घर वेंगुर्लेकरांना राहावयास देण्याची गोष्ट त्यांच्यापैकी कोणी काढल्याचे माझ्या वाचनात नाही. ही जुनी थकबाकी वसूल करण्याचे कार्य नियतीने आमच्याकडे सोपवले आहे, अशा काहीशा भारदस्त भावनेने मी विमानात बसलो होतो.

स्खिपोलचा विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली आहे, तेथे पूर्वी विस्तीर्ण सरोवर होते आणि 1852 साली वाफेच्या पंपांनी ते उपसून कोरडे करण्यात आले, ही माहिती मी विमानाची चाके जमिनीस टेकत असतानाच सौभाग्यवतींना पुरवली.

“अहो, म्हणजे आत्ता आपण तळ्यात की मळ्यात?” एवढेच त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पट्टा अधिक घट्ट केला.

घर देखणे होते; फक्त त्याला रुंदी देण्याचे राहून गेले होते. उंची मात्र भरपूर दिल्यामुळे त्यातील जिना जवळजवळ उभाच चढवावा लागला असून, वर जाताना नाक पुढच्या पायरीस लागते आणि खाली येताना भिंतीकडे तोंड करून, परमेश्वराचे स्मरण करीत, पाठमोरे उतरावे लागते. घराच्या शिरोभागी रस्त्याच्या बाजूस एक तुळई पुढे काढलेली होती आणि तिला लोखंडी आकडा होता. या देशात कपाटे, पलंग, पियानो यांसारख्या वस्तू जिन्याने वर जात नाहीत. दोर व कप्पी लावून त्या खिडकीवाटे आत घेतात. तेव्हा कुकर, भाजणी आणि मेतकूट यांनी भरलेल्या आमच्या बॅगा व माझा देह यांची गणना माणसांत करावी की सामानात, या प्रश्नावर जिन्याच्या पायथ्याशी आमचा बराच वेळ विचारविनिमय झाला.

स्वयंपाकघरातील मेजावर यजमानांनी आमच्यासाठी एक जाडजूड बाड ठेवले होते. इतका तपशीलवार हुकूमनामा पेशवे दफ्तरातही क्वचितच सापडेल. ओला कचरा एका पेटीत, कागद दुसरीत, प्लास्टिक तिसरीत. काच मात्र नाक्यावरच्या हौदात, तीही पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशी वर्णव्यवस्था पाळून, आणि बाटली फुटल्याच्या आवाजाने कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री मुळीच नाही. पेयाची लहान रिकामी बाटली दुकानातील यंत्राच्या तोंडात घातल्यास 15 सेंट आणि मोठी घातल्यास 25 सेंट परत मिळतात, हे कलम सौभाग्यवतींनी दोनदा वाचले. रद्दीवाल्याच्या तराजूवर आयुष्यभर संशयी नजर ठेवलेल्या त्या गृहिणीला हे यंत्र वजनात मारत नाही याचे समाधान वाटले, परंतु त्याच्याशी घासाघीस करता येत नाही याचे दुःखही झाले. बाडात न मावलेल्या सूचना जागोजागी चिकटवलेल्या होत्या: खिडकीवर, नळावर, फडताळावर, इतकेच काय पण दुसऱ्या सूचनेवरही. पाट्यांच्या बाबतीत जगात आपणास कोणी प्रतिस्पर्धी नाही, हा पुणेकराचा वंशपरंपरागत अभिमान त्या दिवशी प्रथमच किंचित डळमळला.

शौचगृहात भिंतीवर वाढदिवसांची दिनदर्शिका टांगण्याची या देशात रीत आहे. तिच्यात वार नसतात, केवळ तारखा असतात. त्यामुळे एकदा टांगली की ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि आप्तस्वकीयांचे स्मरण माणसास एकान्तात, निवांतपणे आणि विनाखर्च होत राहते. हात धुण्यासाठी वाटीएवढे एक पात्र आणि केवळ थंड पाण्याचा नळ होता. अन्य जलविषयक सोयींचा तेथे संपूर्ण अभाव होता. परंतु सौभाग्यवतींनी दूरदृष्टीने तांब्या पुण्याहूनच आणलेला असल्यामुळे त्या प्रकरणी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

खरा पेच निर्माण केला तो दिवाणखान्याच्या खिडकीने. ती चांगली पुरुषभर उंचीची, थेट रस्त्यावर उघडणारी आणि पडद्यावाचून होती, कारण प्रामाणिक माणसाला लपवण्यासारखे काही नसते अशी या लोकांची जुनी धारणा असल्याचे सांगतात. त्या खिडकीत बसून आम्ही पिठले-भात खात होतो आणि हातभर अंतरावरून सायकली जात होत्या. पण एकाही स्वाराने मान वळवून आत पाहिले नाही. आमच्या पेठेत सगळ्या खिडक्यांना जाड पडदे असतात आणि तरीही कोणाकडे आज काय शिजले आहे हे समोरच्या वाड्याला ठाऊक असते. ही उपेक्षा सौभाग्यवतींच्या मनाला लागली. दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून खिडकीत बसल्या. तरीही कोणी पाहिले नाही.

शेजारच्या वृद्ध बाईंनी मात्र पद्धतशीर निरोप पाठवून, वार आणि वेळ ठरवून, आम्हांस कॉफीस बोलावले. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, प्रत्येकापुढे धरला, प्रत्येकाने एक बिस्कीट उचलले, आणि डबा टपकन बंद होऊन पुन्हा फडताळात गेला. हा तेथील शिष्टाचारच आहे. परतताना सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या; मग म्हणाल्या, “बाई मोठ्या टापटिपीच्या आहेत हं.”

इकडे पुण्याहून यजमानांचे निरोप येऊ लागले. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारा आणि त्याबद्दल यत्किंचितही दिलगीर नसलेला व्यापारी पाहून त्यांना स्वदेशाची आठवण झाली होती, कारण लायडनमध्येही कित्येक दुकाने सोमवारी मध्यान्हापर्यंत उघडत नाहीत. धुणेभांडीवाल्या मावशींनी त्यांना भांडी पालथी कशी घालावीत याचे शिक्षण दिले होते. पुढे तर त्यांनी कळवले की, सोसायटीची सभा नियोजित वेळेपेक्षा उशिरा सुरू झाल्याबद्दल आपण सेक्रेटरींकडे लेखी तक्रार केली असून तिची पोच मागितली आहे. आमच्या घराने माणूस पुरता ताब्यात घेतल्याचे हे लक्षण होते.

या बातमीने मी काहीसा सावध झालो, कारण लायडनचा या बाबतीतला पूर्वेतिहास चिंताजनक आहे. इंग्लंडमधील धार्मिक जाचाला कंटाळलेली काही मंडळी 1609 साली या गावी आश्रयास आली, येथील विणकामावर पोट भरू लागली, आणि 1620 साली त्यांतील काहींनी अमेरिकेची वाट धरली. त्यांच्या प्रस्थानाची कारणे अनेक होती. पण आपली मुले डच वळणावर चालली आहेत, अशाने आपली भाषा आणि आपले नाव बुडेल, ही धास्ती त्यांत प्रमुख होती. अशा भारून टाकणाऱ्या गावात, परक्याच्या बाडातील कलमे निमूटपणे पाळत असताना, आपलेही काही वाहून तर जात नाही ना, याची चाचपणी मी मनातल्या मनात करू लागलो.

तिची कसोटी लवकरच लागली. लंडनला नोकरी करणारा माझा भाचा एका रविवारी आम्हांस भेटावयास आला. पहाटे निघाल्यामुळे तो भुकेलेला होता. सौभाग्यवतींनी कॉफी केली, बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे धरला, त्याने एक उचलले, आणि दुसऱ्यासाठी पुढे केलेला त्याचा हात डब्यापर्यंत पोचण्याआधीच झाकण टपकन लागले.

“मामी, अजून एक...”

“जेवायला आहेस ना रे? भूक कशाला मोडतोस!” असे म्हणत त्यांनी डबा फडताळात ठेवला, आणि तितक्याच प्रेमाने त्याला त्याच्या परतीच्या गाडीची वेळ विचारली.

भाच्याने माझ्याकडे व्याकूळ नजरेने पाहिले. मी मात्र, हा लायडनच्या सहवासाचा परिणाम समजावा की सदाशिव पेठेचा मूळ संस्कार, याचा निवाडा करण्यात गढून गेलो होतो. आणि दोन्ही पक्षांचा पुरावा इतका तंतोतंत सारखा निघाला की, अखेर मला ते प्रकरण दफ्तरी दाखल करावे लागले.